चांदी कुठे लावायची? : छोट्या लाईनचा डबा जुना करताना



साहित्य मंडळाच्या अंकात रंगकामाचा पाठ कशाला, असं कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. जुनी वस्तू जशी होती तशी दाखवणं हे लिहिणाऱ्याचंही काम आहे आणि मॉडेल करणाऱ्याचंही. दोघंही बहुतेक एकाच जागी घसरतात. चकाकणारं विशेषण हाताशी असलं की ते जिथे तिथे लावावंसं वाटतं. आजच्या पाठातलं विशेषण बाटलीत मिळतं, त्याचं नाव मेटॅलिक अ‍ॅक्रिलिक रंग. आणि वस्तू आपल्या बालाघाटची आहे: छोट्या लाईनचा डबा.

गोंदियाहून बालाघाट, नैनपूर आणि पुढे जबलपूर अशी ही सातपुड्यातली नॅरोगेज लाईन बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला टाकली. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. गोंदिया-बालाघाटचा भाग आधी ब्रॉडगेज झाला. २०१५ च्या ऑक्टोबरपासून बालाघाट-नैनपूर-जबलपूर ही छोटी गाडीही थांबली. म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती अगदी लहानपणी पाहिली असेल, किंवा पाहिलीच नसेल. घरात आजी-आजोबांना मात्र विचारा, दारात पाय सोडून बसण्याच्या गोष्टी निघतातच.

मी पहिला डबा केला तो सनबोर्ड आणि कार्डशीटचा. रंगवला, आणि जुना दिसावा म्हणून कडांना, खिडक्यांना, दांड्यांना, पायऱ्यांना सगळीकडे मेटॅलिक सिल्व्हर फिरवला. त्यावर थोडा तपकिरी. मला तो फारच आवडला होता. आमच्या शेजारी एक काका राहतात, त्यांचं सगळं आयुष्य छोट्या लाईनच्या डब्यांच्या दुरुस्तीत गेलं. त्यांना मोठ्या हौसेने नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, चांगला आहे जी. पण हा आपला डबा नाही. हा लग्नात देतात तसला आहे, चांदीचा."

मी म्हटलं, "काका, लोखंड आहे ना, मग ते चमकणारच."

"लोखंड कुठं चमकते? लोखंड गंजते. चमकते ते घासलेलं लोखंड. दाराचा दांडा सांगा, वरपासून खालपर्यंत चमकत होता का? जिथं माणसाचा हात पडे तिथंच चमके. खालचा अर्धा काळाच."

पाठ खरं म्हणजे इथेच संपला. पुढचं सगळं त्या दोन-तीन वाक्यांचं स्पष्टीकरण आहे.

आता रंगाकडे वळू. मेटॅलिक रंगाच्या बाटलीत साधा रंग नसतो, बारीक चपटे कण असतात. कधी अ‍ॅल्युमिनियमचे, आणि हस्तकलेच्या रंगांत बहुतेक वेळा अभ्रकाचे. अभ्रकाच्या कणावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर दिला की मोत्यासारखी चमक येते, लोहाच्या ऑक्साइडचा दिला की तांबं किंवा कांस्य वाटतं. गंमत बघा, बाटलीवर 'कॉपर' लिहिलेलं असतं आणि आत बहुतेकदा तांब्याचा कणही नसतो, असतो तो एका परीने गंजच! आपला मलाजखंड देशाला तांबं पुरवतो आणि आपण तांब्याचा रंग म्हणून अभ्रक लावतो.

हे कण चपटे असल्यामुळे दोन गोष्टी घडतात. एक, ते पाण्यात तळाशी बसतात. बाटली हलवल्याशिवाय ब्रश बुडवला तर नुसतं दुधाळ पाणी येतं. रंग फार पातळ केला तर कण विखुरतात आणि चमक तुटक दिसते. दोन, सुकताना ते पृष्ठभागाला समांतर आडवे पडतात आणि आरशासारखे प्रकाश परत फेकतात. म्हणून ब्रशच्या रेघा साध्या रंगापेक्षा यात जास्त दिसतात. डब्याच्या बाजूवर ब्रश आडवा फिरवायचा की उभा, हे आधी ठरवा आणि मग बदलू नका. खाली काळं अस्तर असेल तर एकच पातळ हात पुरतो. पांढऱ्या कागदावर तोच रंग दुधाच्या सायीसारखा फिका पडतो.

आता प्रमाणाचा हिशेब. याच्याकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत आणि मॉडेल इथेच खेळणं होऊन बसतं. समजा आपला डबा १:४८ प्रमाणात आहे. ७६२ ला ४८ ने भागा, रुळांमधलं अंतर १६ मिलिमीटरच्या जरा आत येतं. १:८७ घेतलं तर पावणेनऊ मिलिमीटर. (म्हणूनच १:८७ मध्ये नॅरोगेज करणारे लोक ९ मिलिमीटरचा तयार रूळ वापरतात.) आता हाच हिशेब रंगाला लावा. १:४८ च्या डब्यावर तुम्ही १ मिलिमीटरचा टवका काढलात, तर खऱ्या डब्यावर तो जवळपास ५ सेंटिमीटरचा झाला. असे शंभर टवके असलेला डबा रेल्वेने कधीच दुरुस्तीला ओढून नेला असता. आणि चमकीचे कण? अभ्रकाचे कण साधारण १० ते ६० मायक्रॉनचे असतात. ५० मायक्रॉनचा एक कण ४८ पट मोठा केला की जवळपास अडीच मिलिमीटरची टिकली होते. खऱ्या डब्याच्या दाराला अडीच मिलिमीटरच्या टिकल्या लावल्या तर कसं दिसेल? रांगोळीतल्या चमकीसारखं. काकांना माझा डबा 'लग्नातला' वाटला त्याचं निम्मं कारण हे होतं.

यावर उपाय सोपा आहे. बाटलीतला सिल्व्हर सरळ वापरायचा नाही. त्यात निम्मा मॅट काळा आणि चिमूटभर तपकिरी मिसळा. चमक मरते आणि लोखंड उरतं. बाहेर 'गनमेटल' म्हणून जो रंग मिळतो तो साधारण असाच दिसतो. जपानच्या तामियाचे किंवा स्पेनच्या व्हालेहोचे खास मॉडेलसाठीचे मेटॅलिक रंग मागवता आले तर उत्तम, त्यांचे कण पुष्कळ बारीक असतात. पण आपल्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानात फेविक्रिल किंवा कॅमलच्या बाटल्या मिळतात आणि या कामाला त्या पुरतात. (कॅमलवाले दांडेकर आपले मराठीच. १९३१ मध्ये शाईपासून त्यांनी सुरुवात केली. शाईवाल्याचा रंग साहित्य मंडळात चालायला हरकत नसावी.)

आता थोडं शब्दांकडे. इंग्रजीत या सगळ्या कामाला 'वेदरिंग' म्हणतात. आपल्याकडे प्रत्येक प्रकाराला वेगळा शब्द आहे आणि प्रत्येक शब्दाची ब्रश धरण्याची रीत वेगळी. रंग वाळून, फुगून पापुद्र्यासारखा सुटतो तो पोपडा. धक्क्याने उडतो तो टवका. टोकदार वस्तू फिरते तेव्हा ओरखडा. पाण्याच्या थेंबामागे उरतो तो ओघळ. गंज, काजळी, मळ, तेलकट राप हे तर रोजचेच. आणि वर्षानुवर्षं हात, पाय, चाक लागून जे होतं ती झीज. या सगळ्या यादीत मेटॅलिक रंगाचा हक्क फक्त झिजेवर आहे, आणि ताज्या ओरखड्यावर थोडासा. पोपड्याखाली चांदी नसते, गंज असतो. टवका जुना झाला की तोही गंजतो. आपल्या पावसात उघड्या लोखंडाला लालसर व्हायला फार दिवस लागत नाहीत, हे सायकलवाल्यांना सांगायला नको.

म्हणून प्रत्यक्ष काम करताना मेटॅलिकची बाटली शेवटपर्यंत उघडायची नाही. सरावासाठी मी प्रवासी डबा नाही, मँगनीजची उघडी वॅगन घ्यायला सांगेन. एक तर ती नुसती पेटी आहे, करायला सोपी. दुसरं म्हणजे भरवेलीची खाण आपल्या दारातच आहे आणि त्या दगडाचा रंग तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे.

सनबोर्डची पेटी करून तिला काळं मॅट अस्तर द्या. (थर्माकोलवर स्प्रेचा डबा मारू नका, थर्माकोल विरघळून जातो. एका विद्यार्थ्याचं अख्खं स्टेशन असं गेलं आहे.) अस्तर सुकलं की गंज. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा तोडून घ्या, बर्न्ट अंबर आणि बर्न्ट सिएना एकमेकांत न ढवळता त्यात बुडवा, कागदावर टिपून घ्या आणि मग हलक्या हाताने थापा. सगळीकडे सारखं थापू नका, गंज कधी सारखा येत नाही. तळाशी, कोपऱ्यात, पट्ट्यांच्या सांध्यांत जास्त, कारण पाणी तिथे साठतं. जाता जाता एक माहिती: खऱ्या अंबर मातीचा तपकिरीपणा लोह आणि मँगनीज या दोन्हींच्या ऑक्साइडमुळे असतो. म्हणजे मँगनीजची वॅगन आपण मँगनीजच्याच रंगाने रंगवतो आहोत.

यावर हेअरस्प्रेचे दोन हात मारा आणि वाळू द्या. मग मालडब्याचा तांबूस-तपकिरी रंग पातळ करून वर लावा. अर्ध्या तासाने पाण्यात भिजवलेला ब्रश थोड्या जागेवर फिरवा आणि जुन्या टूथब्रशने हळूच घासा. खालचा हेअरस्प्रे पाण्याने सुटतो, वरच्या रंगाचे टवके उडतात आणि आतला गंज दिसतो. वेळ मात्र पाळा. रात्रभर ठेवलंत तर अ‍ॅक्रिलिकचा पापुद्रा पक्का होतो आणि काही केल्या उडत नाही. कापडावर लावायचा रंग तर इथे वापरूच नका. त्याचा थर रबरासारखा असतो, टवके उडायच्या ऐवजी केळीच्या सालीसारखी पट्टी निघून येते. मी तीनदा सोलून पाहिलं आहे.

नंतर वॉश. काळा-तपकिरी रंग चहाच्या पाण्याइतका पातळ करा, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घाला म्हणजे पाणी गोळा न होता खाचांत पसरतं. सपाट भागावर थांबलेलं पाणी कापडाने टिपून घ्या. ओघळ काढायचे तर ओल्या ब्रशने वरून खाली, नेहमी खाली. तिरका ओघळ असलेला डबा मी एका प्रदर्शनात पाहिला, तो काय वादळात उलटला होता की काय कोण जाणे.

कोरड्या गंजाची भुकटी विकत आणायची गरज नाही. गेरू आणा. गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचाच, खऱ्या गंजाचा सख्खा भाऊ. बारीक वाटून कपड्यातून चाळा आणि मऊ ब्रशने सांध्यांवर टेकवा. वार्निशखाली गेरू दबतो आणि गडद होतो, म्हणून थोडा जास्त ठेवा. मग मॅट वार्निश.

आता, इथे, चांदी. वार्निशच्या आधी लावली असती तर मॅट वार्निशने तिची सगळी चमक खाल्ली असती. तीच चूक सगळे करतात, आणि मग वाटतं की रंग कमी पडला, म्हणून आणखी फासतात.

गनमेटलचं मिश्रण ब्रशवर घ्या आणि जवळपास सगळं कागदावर पुसून टाका. ब्रश इतका कोरडा हवा की हाताच्या पाठीवर ओढला तर फक्त कातडीच्या रेषा उमटाव्यात. आता विचारा, या वॅगनमध्ये काय कशाला घासत होतं?

आत दगड घासत होता. बाहेरून तांबूस, गंजलेली वॅगन आतून घासून उघडी पडलेली असते. त्यातही, मँगनीजचा दगड जड. वजनाची मर्यादा आधी भरते आणि जागा नंतर, म्हणून वॅगन काठोकाठ भरत नाहीत. म्हणजे घासल्याच्या खुणा तळाला आणि बाजूंच्या खालच्या भागात. वरच्या भागात नुसता गंज आणि पावसाचे ओघळ. हे कुठल्याही पुस्तकात बघायची गरज पडली नाही, दगड जड आहे एवढं माहीत असलं की बस. खुणांची दिशाही दगड पडतो तशी, वरून खाली. तळाला मात्र फावड्याची दिशा.

बाहेर काय? दाराच्या कडीला हात लागतो. पायरीच्या मधोमध पाय पडतो, दोन टोकांना नाही. दोन वॅगन जिथे एकमेकींना भिडतात तिथे धातू धातूवर घासतो. आणि चाकाचा जो पट्टा रुळावर चालतो तो लख्ख असतो, पण चाकाची बाहेरची बाजू तेल आणि धुळीने माखलेली. एवढ्या चार-पाच जागा. संपूर्ण वॅगनवर मेटॅलिक रंग अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत मावला पाहिजे.

जिथे ब्रशही जाड वाटतो तिथे ६बी पेन्सिल वापरा. ग्रॅफाइटची चमक निळसर-करडी, शांत असते आणि त्यात कण दिसत नाहीत. कडीवर नुसती पेन्सिल घासून बोटाने पुसा. भरावाचे दगड करायचे तर बारीक खडी काळी रंगवून वर पेन्सिलची भुकटी चोळा, मँगनीजच्या दगडाला तोडल्यावर दिसते ती करडी झाक अगदी तशीच येते. एका साध्या वस्तूने बाटलीतल्या रंगाला हरवलेलं पाहून मला दर वेळी बरं वाटतं.

वाफेचं इंजिन करणाऱ्यांसाठी तांब्या-पितळेबद्दल थोडंसं. बऱ्याच मॉडेलवर तांब्याच्या नळ्या हिरव्या-निळ्या रंगवलेल्या दिसतात. घरातलं तांब्याचं घंगाळ आठवा. चिंचेने घासलं की लाल-गुलाबी, चार दिवसांत तपकिरी, आणि हिरवा जंगाल कुठे? जिथे पाणी साठून राहतं तिथे, कडीच्या मुळाशी, काठाच्या वळणात. सतत तापणारी नळी हिरवी होत नाही, काळपट तपकिरी होते. म्हणून इंजिनाच्या नळीला आधी तांब्याचा मेटॅलिक, त्यावर बर्न्ट अंबरचे एक-दोन पातळ हात. हिरवा-निळा रंग, पांढरा मिसळून आणि अगदी मॅट, फक्त सांध्यावर ठिपक्याएवढा. ड्रायव्हरच्या हातातल्या पितळी मुठी मात्र लखलखीत ठेवा. तिथे रोज हात लागत होता, आणि इंजिनावरचे लोक पितळ पुसण्यात मोठी शान मानत.

नमुना पाहायचा असेल तर नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, २००२ मध्ये सुरू झालं. आकार, मापं, रिव्हेटच्या ओळी यांसाठी अवश्य जा आणि टेप घेऊन जा. पण संग्रहालयातल्या गाड्या जपून, रंगवून ठेवलेल्या असतात, त्यांवर झीज शोधू नका. झीज शोधायची तर बसस्टँडवरचा दांडा पाहा, शाळेच्या फाटकाची कडी पाहा, पाण्याच्या हापशीची मूठ पाहा. हापशीला तर एकाच जागी गंज, रंग आणि लख्ख लोखंड तिन्ही मिळतात. मोबाईलवर जवळून फोटो काढा आणि रंगवताना समोर ठेवा.

आता राहिला रूळ. वॅगन कुठेतरी उभी करावी लागते, म्हणून मी हातभर रूळ केला, स्लीपर, खडी, बाजूला वाळलेलं गवत. रुळाच्या बाजू गंजक्या तपकिरी आणि माथा चकचकीत, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे तसंच रंगवतात. मीही सिल्व्हरचा ब्रश उचलला होता. पण माथा चमकतो तो चाक फिरतं म्हणून. गाडी बंद झाली की पहिल्याच पावसात माथ्यावर नारिंगी पापुद्रा चढतो आणि थोड्याच दिवसांत माथा आणि बाजू एकाच रंगाच्या होतात. म्हणजे रुळाच्या माथ्यावरची ती एक बारीक चंदेरी रेघ तारीख सांगते. रेघ आहे तर २०१५ च्या आधीचा बालाघाट. रेघ नाही तर त्यानंतरचा.

हे काकांना विचारायला गेलो. ते म्हणाले, "तुम्ही ठरवा मास्तर. दोन्ही खरंच आहे."

दोन दिवस तो तुकडा तसाच टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी ब्रश कागदावर पुसला आणि रुळाच्या माथ्यावरून एकदा ओढला.